ज्येष्ठ, मध आणा

थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षाची ही गोष्ट. त्या वर्षी कुटुंबात आधी दोन नाती आल्या, मग एक ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र आलं आणि शेवटी फ्लू आला. नातींचं कौतुक झालं. ओळखपत्राचं काय झालं ते पुढे येईलच. फ्लू मात्र न सांगता आला आणि सगळ्यांत जास्त मुक्काम त्यानेच ठोकला.

ओळखपत्र ज्यांचं होतं त्यांना कचेरीत सगळे स्वल्पविराम म्हणत. पत्रव्यवहार विभागात छत्तीस वर्षं नोकरी, आणि त्या छत्तीस वर्षांत त्यांच्या लाल पेन्सिलीखालून न जाता एकही कागद बाहेर पडला नाही. कागद आत जाताना कसाही असो, बाहेर येताना त्यात चार-दोन स्वल्पविराम वाढलेले असत. एकदा साहेबांनी विचारलं होतं, "अहो, 'रजा मंजूर' यात स्वल्पविराम कुठून आला?" त्यावर ते शांतपणे म्हणाले होते, "रजा हा विषय आहे आणि मंजूर हा निर्णय आहे. दोन्ही एका श्वासात म्हणू नयेत, साहेब." त्या दिवसापासून त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं.

निवृत्त झाल्यावर कागद येणं बंद झालं, पेन्सिल मात्र शाबूत होती. मग ते औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर सुधारत, इमारतीच्या जिन्यातल्या फळ्यावरच्या सूचना सुधारत. पाण्याची टाकी धुण्याच्या सूचनेत त्यांनी एकदा इतक्या दुरुस्त्या केल्या, की टाकी नक्की कोणत्या वारी धुणार ते कुणालाच वाचता आलं नाही आणि सगळ्यांनी दोन्ही दिवस पाणी भरून ठेवलं.

त्यांच्या बायकोला अख्खी इमारत काकू म्हणत असे. काकू एकसष्ट वर्षांच्या. गेली दोन वर्षं त्या दुपारी प्रौढांच्या वर्गाला जात होत्या. शाळेतले छोटे बाक, गुडघे हनुवटीला टेकायचे, पण एक दिवस चुकला नाही. ते ओळखपत्र आलं तेव्हा काकूंनीच ते हातात घेतलं आणि एकेक अक्षर सोडवत वाचलं. 'ज्येष्ठ' या एका शब्दाला अख्खा चहा संपला. पण एकदा सुटल्यावर तो शब्द त्यांना इतका आवडला की त्या दिवसापासून हाक तीच. "ज्येष्ठ, चहा घ्या." "ज्येष्ठ, चष्मा डोक्यावर आहे तुमच्या." स्वल्पविरामांना त्या शब्दात व्याकरणाची चूक काढता येईना, म्हणून जास्त राग यायचा.

आता फ्लू. विजेच्या बिलावर स्वल्पविरामांच्या नावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व छापली जात होती. ती सुधारून घ्यायला ते सातव्यांदा वीज कचेरीत गेले. खिडकीतला कारकून त्यांच्या अर्जावर शिंकला, मग त्याच अर्जावर शिक्का मारला आणि अर्ज परत दिला. वेलांटी सुधारली नाही. फ्लू मिळाला.

चार दिवस ते आडवे होते. काकू जे देतील ते घेत होते. काहीतरी तिखट गरम प्यायले, काहीतरी खारट घशात खुळखुळवलं, पातेल्यावर डोकं धरून वाफ घेतली, एक काडी दिवसभर तोंडात धरली. यातलं काय काय होतं, ते कुठे ठेवलेलं असतं, हे विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. पाचव्या दिवशी ते उठून बसले आणि डॉक्टरांच्या अक्षराला नावं ठेवू लागले, तेव्हा काकूंनी ओळखलं की माणूस बरा झाला. सहाव्या दिवशी काकू पडल्या.

काकूंचा ताप चार दिवसांत उतरला, पण जाताना आवाज घेऊन गेला. तोंड उघडलं की नुसती हवा.

डॉक्टरांनी छाती तपासली. "फ्लू गेलाय. छाती साफ आहे. अशक्तपणा आहे, तो जाईल. आवाज बसलाय, तो त्याच्या वेळेने उठेल. कोमट पाणी द्या, वाफ द्या, घरचं काही घशाला बरं वाटेल ते द्या. फक्त बोलू देऊ नका. कुजबुजूसुद्धा नाही."

"किती दिवस?" स्वल्पविरामांनी विचारलं.

"आठ. दहा."

"शनिवारपर्यंत नाही का उठणार?"

"आज सोमवार आहे, काका. घसा म्हणजे कचेरी नाही, तारीख देऊन चालत नाही."

शनिवारी सकाळी दहाला काकूंची परीक्षा होती. लेखी झाली होती, उत्तीर्णही झाल्या होत्या. उरली होती ती तोंडी. तपासनिसांसमोर उभं राहून एक उतारा मोठ्याने वाचायचा. तपासनीस वर्षातून एकदाच येत. वाचला उतारा तर प्रमाणपत्र, नाही तर पुन्हा पुढच्या वर्षी. आणि पुढच्या वर्षी तो वर्ग चालणार की नाही हे वर्गाच्या बाईंनाही माहीत नव्हतं. शाळेला ती खोली बाक ठेवायला हवी होती.

काकूंनी डॉक्टर गेल्यावर भिंतीकडे तोंड केलं. स्वल्पविराम दारात उभे राहिले. फ्लू त्यांनी आणला होता. तोही एका वेलांटीसाठी.

थोड्या वेळाने काकू वळल्या, उशाशी ठेवलेली वर्गाची पाटी त्यांनी ओढली आणि लिहिलं, 'पानी गरम करा'. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि बायकोकडून स्वल्पविरामांना लेखी आदेश पहिल्यांदाच मिळत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, खडू उचलला आणि 'नी'चा 'णी' केला. मग नळाच्या पाण्यातला ण आणि मानेतला न यांत जीभ कुठे कुठे लागते ते नीट समजावून सांगितलं. तोवर आत गॅसवरचं दूध उतू जाऊन ज्योत विझली होती. काकू त्यांच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या बघण्याला कोणतंही अक्षर लागत नव्हतं.

पाणी झालं. मग पाटीवर दुसरी ओळ आली. 'जेष्टमध आना तोंडात धरायला'.

स्वल्पविरामांनी 'जे'चा 'ज्ये' केला, 'ष्ट'चा 'ष्ठ' केला, 'ना'चा 'णा' केला आणि खडू हवेत थांबला. दोन शब्द एकमेकांना चिकटले होते. शब्द तोडून लिहायला ती विसरते, हे त्यांना माहीत होतंच. त्यांनी दोन्हींच्या मधे फट पाडली आणि त्या फटीत एक सुबक स्वल्पविराम बसवला. 'ज्येष्ठ, मध आणा. तोंडात धरायला.'

वाचून ते दुखावले. आवाज नाही, अंगात त्राण नाही, तरी थट्टा सुटत नाही या बाईची. पण लगेच त्यांच्या मनात आलं की थट्टा सुचते म्हणजे सुधारणा आहे. त्यांनी पिशवी घेतली आणि मध आणायला गेले.

मधाची बाटली बघून काकूंनी नाही अशी मान हलवली. स्वल्पविरामांनी तरी चमचा पुढे केला. काकूंनी तो घेतला, गिळला आणि पुन्हा पाटी घेतली. या वेळी त्यांनी सावकाश, जिभेचं टोक बाहेर काढून, नवऱ्याने सुधारून दिलं होतं तसंच्या तसं लिहिलं. 'ज्येष्ठ, मध आणा'. स्वल्पविरामासकट. पुढे त्यांनी सांगितलं की तो स्वल्पविराम बघून त्यांनाही नवल वाटलं होतं, पण छत्तीस वर्षं लाल पेन्सिल धरलेला माणूस आहे, असेल तो शब्द तसाच लिहायचा, असं त्यांना वाटलं.

स्वल्पविरामांनी ते वाचलं आणि समजले की हा मध पसंत नाही.

मधाची दुसरी बाटली वरच्या मजल्यावरच्या कंपाउंडरांनी दिली. ते एका दवाखान्यातून निवृत्त झाले होते, आणि दवाखान्यात डॉक्टर नावाचा एक सहायकही असे, अशा थाटात बोलत. "बाजारचा मध घशात उतरतो न उतरतो तोच संपतो. हा माझ्या नोकरीच्या काळातला आहे. घट्ट झालाय, पण गुण घट्टच असतो." तो मध बाटलीतून काढायला स्वल्पविरामांनी आधी चमचा वापरला, मग दुसरा चमचा पहिला काढायला वापरला.

"आणि वाफ द्या," कंपाउंडर म्हणाले. "पुदिना घालून. दिवसातून तीनदा. कफाला दुसरा उतारा नाही."

"उताऱ्याचीच काळजी आहे मला," स्वल्पविराम म्हणाले. कंपाउंडरांना ते कळलं नाही.

घरात पुदिना सापडला नाही. खरं म्हणजे होता, पण तो पुदिना आहे हे ओळखणारी व्यक्ती गप्प होती. स्वल्पविरामांनी विचार केला, पुदिन्याच्या वासाशी कारण. कपाटात पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट होतं, ते सगळं त्यांनी उकळत्या पाण्यात रिकामं केलं. वाफ सुवासिक आली. टॉवेल डोक्यावरून काढताना तो काकूंच्या केसांना चिकटला, पातेलं ओट्याला चिकटलं, आणि ओटा पुसायला घेतलेलं फडकं जे चिकटलं ते दुसऱ्या दिवशी उलथन्याने निघालं.

संध्याकाळी समोरच्या शिवणवाल्या बाई आल्या. गळ्यात मोजपट्टी, पदरावर दोऱ्याचे तुकडे, आणि बोलणं शिलाईच्या मशीनसारखं, पाय काढेपर्यंत न थांबणारं.

"काका, कांदा कापून ठेवा त्यांच्या खोलीत. चार फोडी, चार कोपऱ्यांत. आणि लसूण तेलात गरम करून तळपायाला. माझ्या नणंदेचा आवाज अशानेच आला. नंतर आम्ही सगळ्यांनी डोक्याला हात लावला, ती गोष्ट वेगळी."

स्वल्पविरामांनी अर्धं ऐकून पूर्ण केलं. चार फोडींऐवजी चार कांदे कापले. लसूण काळी होईतो तळली. तासाभरात जिन्यात वास, गच्चीत वास. पण खरा घोटाळा कांद्याने केला. काकूंची विचारपूस करायला जो आत जाई तो डोळे पुसत बाहेर येई. स्वतः स्वल्पविराम दर दहा मिनिटांनी आत जात आणि वाहत्या डोळ्यांनी गॅलरीत येऊन उभे राहत. ते बघून तळमजल्यावरच्या लोकांनी रेडिओ बंद केला. कुणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "लेकीला कळवलंत का?"

तो प्रश्न स्वल्पविरामांच्या छातीत रुतून बसला. लोक उगाच विचारणार नाहीत. डॉक्टर खरं सांगत नसतील. डॉक्टर तसे सांगत नाहीतच. तेव्हापासून ते दाराशी कान लावून खोकला ऐकू लागले. खोकला आला की घाबरत, आला नाही की जास्त घाबरत. एरवी या घरात भांड्यांशी बोलणारा, नळाशी भांडणारा, त्यांना उठता-बसता टोकणारा एक आवाज सतत चालू असे, आणि त्या आवाजावर त्यांनी चाळीस वर्षं त्रासिक चेहरा केला होता. आता नळ ठिबकत होता आणि त्याला कुणी काही बोलत नव्हतं.

बुधवारी त्यांनी ठरवलं, परीक्षेची तारीखच बदलून आणायची. काकूंकडून अर्ज लिहून घेतला, पेन्सिल खिशात टाकली आणि शिक्षण कचेरी गाठली. रांगेत दोन तास होते. हातात अर्ज होता. पेन्सिल खिशात होती. जे व्हायचं ते झालं.

खिडकीतल्या बाईंनी अर्ज उजेडाकडे धरला. "हे निळं अक्षर कुणाचं?"

"उमेदवाराचं. माझ्या पत्नीचं."

"आणि लाल?"

"लाल माझं. शुद्धलेखन फक्त."

"म्हणजे दोन हातांचा अर्ज. अर्ज स्वहस्ताक्षरात लागतो."

"अहो, सतरा चुका होत्या त्यात."

"सतरा चुकांचा अर्ज मी डोळे झाकून घेतला असता," बाई म्हणाल्या. "चुका असल्या म्हणजे खात्री पटते की उमेदवारानेच लिहिलाय. आता यावरून एवढंच कळतं की तुम्हाला लिहिता येतं. मग परीक्षा तुमची घ्यायची का?"

"दुसरा आणतो."

"आणा की. तारखेचे अर्ज तीन दिवस आधीपर्यंत घेतो. परीक्षा शनिवारी, म्हणजे आजच. साडेपाचला खिडकी बंद."

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. घर पाऊण तासावर होतं.

ते चालतच घरी निघाले. सतरा चुका, सतरा चुका, असं पावलांबरोबर डोक्यात वाजत होतं, आणि वाटेत कुठेतरी त्यांना एक जुनं पत्र आठवलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी काकू माहेरी गेल्या होत्या. त्यांना तेव्हा अर्धीमुर्धी अक्षरं येत होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं होतं. 'तूमी कदी येनार'. स्वल्पविरामांनी ते लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परतीच्या टपालाने पाठवून दिलं. हेतू वाईट नव्हता. माणसाचं शुद्धलेखन सुधारावं एवढंच. कधी येणार ते कळवायचं मात्र राहून गेलं. त्यानंतर काकूंनी अडतीस वर्षं एक अक्षर लिहिलं नाही.

घरी आल्यावर काकूंनी भुवया उंचावून विचारलं, काय झालं. "होईल," ते म्हणाले. इतकं मोघम वाक्य त्यांनी आयुष्यात कुणाला मंजूर केलं नव्हतं.

गुरुवारी सकाळपर्यंत घरात मधाच्या चार बाटल्या झाल्या होत्या. तिसरी औषधाच्या दुकानातली, चौथी गावाबाहेर मधमाश्या पाळणाऱ्या एका माणसाकडून आणलेली, तिच्यात एक माशीही होती. स्वल्पविरामांनी चारही बाटल्या काकूंपुढे ओळीने मांडल्या. काकूंनी एकेक बाटली बाजूला सारली. मग पाटी घेतली आणि दाबून दाबून लिहिलं.

'मध नको. ज्येष्ठ, मध.'

स्वल्पविरामांनी ते दोनदा वाचलं. मध नको, म्हणते. लगेच हाक मारते, आणि मध, म्हणते. त्यांनी मनातल्या मनात निदान केलं. ताप उतरलेला नव्हता, तो वर चढून डोक्यात गेला होता.

"तुला मध नको ना?" त्यांनी लहान मुलाला विचारावं तसं विचारलं.

काकूंनी नको अशी मान हलवली.

"मग मध हवाय?"

काकूंनी कपाळावर हात मारला. तोही त्यांना लक्षणच वाटलं. काकूंनी पाटी पुसली. हा माणूस वाचून समजणारा नाही हे त्यांना आता पुरतं पटलं होतं. त्यांनी शब्दांचा नाद सोडला आणि चित्र काढलं. एक उभी काडी. साधी, सरळ, बोटभर.

दुसऱ्या कुणाला ती काडी दिसली असती. स्वल्पविरामांना दंड दिसला. जुन्या पोथ्यांत वाक्य संपलं की उभा दंड देतात, तो. त्यांनी आयुष्यभर थांबण्याच्या जागा लावल्या होत्या, पण त्या सगळ्या पुढे चालायच्या आधीच्या, दम खाण्यापुरत्या. हा तसा नव्हता. हा पूर्णविराम होता, आणि तो काकूंनी शांतपणे स्वतःच्या हाताने दिला होता.

त्यांनी लेकीला फोन लावला. "बाळ, तू ये."

"काय झालं बाबा? आई कशी आहे?"

"आईने पूर्णविराम दिलाय."

"कशाला?"

"मी विचारलं नाही. विचारवेना."

लेक फोनवरच रडायला लागली, तिच्यामागे जुळ्या रडायला लागल्या, आणि इकडे स्वल्पविरामांनाही, कांदे काल फेकून दिलेले असताना, डोळ्यांपुढचं दिसेना. फोन ठेवून ते समोरच्या दारावर थापा मारू लागले.

शिवणवाल्या बाई सुई ओठांत धरूनच धावत आल्या. काकू पलंगावर बसून केस विंचरत होत्या.

"या तर बऱ्या दिसतात," बाई सुई काढून म्हणाल्या.

"दिसतात. पण बोलणं बघा काय आहे," असं म्हणून स्वल्पविरामांनी पाटी पुढे केली. काकूंनी ती हिसकावून घेतली आणि दंडाखाली पुन्हा ते दोन शब्द लिहिले. एरवी काकूंचं लिहिलेलं चारचौघांत जाण्याआधी ते पाटी पुसून टाकत, चुका कुणाला दिसू नयेत म्हणून. आज ते भान राहिलं नाही.

बाईंनी पाटी हातभर लांब धरली. "ज्येष्ठ… मध. ज्येष्ठमध. ज्येष्ठमध हवाय त्यांना, काका. त्यात रडायचं काय?"

"मध आणलाय ना पण. चार बाटल्या."

"मध नाही हो, ज्येष्ठमध. काडी असते. ही काय, काढलीय की त्यांनी. घशासाठी धरून ठेवतात तोंडात. गोड लागते."

"तिथे स्वल्पविराम आहे," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"कुठे? मला नाही दिसत. माझा चष्मा फक्त शिवणाचा आहे."

ती काडी. दिवसभर तोंडात धरलेली ती गोड काडी. त्यांनी आजारपणात ती चघळली होती, तिचा चोथा केला होता, आणि बरं वाटल्यावर उरलेला तुकडा कानातला मळ काढायला वापरून खिडकीतून टाकून दिला होता. घरातली ती शेवटची काडी होती. हे काकूंना माहीत होतं, म्हणून तर त्या आणा म्हणत होत्या.

बाईंनी घरी जाऊन बटणांच्या डब्यातून दोन काड्या आणून दिल्या. काकूंनी एक तोंडात धरली, डोळे मिटले आणि चार दिवसांत पहिल्यांदा खांदे सैल सोडले. मग त्यांनी डोळे उघडून स्वल्पविरामांकडे पाहिलं. स्वल्पविराम मधाच्या बाटल्या मोजत असल्यासारखं करत होते.

संध्याकाळी लेक दोन्ही मुलींना घेऊन आली, आई जिवंत आहे हे तिने पाहिलं, आणि मग ती बापाला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. स्वल्पविरामांनी त्यात एकही दुरुस्ती सुचवली नाही.

शुक्रवार गेला. काडी, कोमट पाणी, वाफ, या वेळी खऱ्या पुदिन्याची. आवाज नव्हता. शनिवारी सकाळी काकूंनी 'अ' म्हणून पाहिलं. काहीतरी निघालं, पण ते जुन्या बिजागरीसारखं, आणि तेही अर्धंच.

"जायचं का?" स्वल्पविरामांनी विचारलं.

काकूंनी चपला घातल्या.

वर्गात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. स्वल्पविराम गरम पाण्याचा थर्मास मांडीवर घेऊन बाहेरच्या छोट्या बाकावर बसले. गुडघे हनुवटीला टेकले. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू काहीच येत नव्हतं. तपासनीस सारखे नाक पुसत होते. काकू उभ्या राहिल्या. तोंडातली काडी काढून त्यांनी रुमालात ठेवली. ओठ हलू लागले. थोडे हलले, थांबले. खांदे हलले. पुन्हा ओठ हलले. पुन्हा थांबले. स्वल्पविराम काचेला नाक लावून मोजत होते. तीन शब्द, खोकला. पाच शब्द, खोकला. अशाने उतारा नाही पुरा होणार. त्यांना वाटलं, आपला सगळा दम काढून त्या काचेतून आत देता आला असता तर. थर्मासचं झाकण उघडलं आहे आणि आपण भिजतो आहोत, हे त्यांच्या फार उशिरा लक्षात आलं.

आत काय झालं ते नंतर वर्गाच्या बाईंनी सांगितलं. आवाज खरखरीत होता, पण खोलीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचला. जिथे स्वल्पविराम होता तिथे काकू थांबून श्वास घेत, आणि जिथे नव्हता तिथे खोकला येई. तपासनिसांचे कान फ्लूने बंद झाले होते. त्यांना खोकला ऐकू गेला नाही, थांबणं तेवढं दिसलं.

"वाचन हळू आहे," ते म्हणाले, "पण विरामचिन्हांची जाण उत्तम. इतक्या जागी थांबणारा उमेदवार मी पाहिला नव्हता. कुणी शिकवलं?"

काकूंनी दाराकडे बोट दाखवलं. काचेवर एक नाक चपटं झालेलं होतं.

"आणि साहेब," त्या बिजागरीच्या आवाजात म्हणाल्या, "तुमचा घसा धरलेला दिसतो. ज्येष्ठमधाची एक काडी देऊ?"

प्रमाणपत्र महिन्याने आलं. आवाज कशाने उठला यावर इमारतीत बरेच दिवस वाद चालला. कंपाउंडर म्हणत वाफेने, शिवणवाल्या बाई म्हणत काडीने, डॉक्टर म्हणाले तो उठायचा तेव्हा उठला. स्वल्पविराम त्या वादात पडले नाहीत. प्रमाणपत्रावर काकूंच्या नावात एक चूक होती. ती त्यांना पहिल्या नजरेत दिसली. त्यांनी पेन्सिल काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली. मग कागदाच्या एका चिठोऱ्यावर काहीतरी लिहून ते काकूंच्या उशाशी ठेवून फिरायला गेले. काकूंनी चिठोरा उलगडून वाचला. 'रविवारी येणार होतो'. काकूंना हे कशाबद्दल आहे ते कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी तो चिठोरा पाटीमागे ठेवून दिला. स्वल्पविराम फिरून आले तेव्हा त्या नळाशी भांडत होत्या.

त्यानंतर घरातली पत्रं काकूच लिहीत. जिन्यातल्या फळ्यावरच्या सूचनाही त्यांच्याच हातच्या असत. शेवटची सूचना त्यांनी लिहिली तेव्हा जुळ्या मुली पाचवीत होत्या. शिवणवाल्या बाईंनी तोवर वाचायचा चष्मा घेतला होता. त्यांनी तो कागद फळ्यावर लावण्याआधी वाचला आणि हळूच म्हणाल्या, "काकू, इथे 'हे' नंतर स्वल्पविराम नको ना?"

"माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. "असू दे."

कागद तसाच लावला गेला. 'आमचे हे, गुरुवारी नऊ मार्चला सकाळी सव्वासात वाजता गेले.'